आशीर्वाद वापस करायला गेलो तेव्हा

साहेबांना पत्र लिहायची आमच्या घरात वेळ ठरलेली होती. दिवस कलला, जनावरं दावणीला आली आणि माय चुलीपुढं भाकरीचं पीठ मळायला बसली की आबा हातपाय धुऊन ओसरीवर यायचे. टोपी सारखी करायचे, सदऱ्याची वरची गुंडी लावायचे आणि समोरच्या बाजेवर साहेबच येऊन बसलेत अशा आवाजात म्हणायचे, "सुमे, कागद घे." आबांची शाळा चौथीपर्यंतची. वाचता यायचं, सही यायची, पण लिहायला बसले की एक ओळ संपेपर्यंत कपाळाला घाम. म्हणून मला जरा बरं अक्षर यायला लागल्यापासून त्यांचा हात मीच. ते आमच्या बोलीत बोलायचे, मी ते पुस्तकी करून कागदावर उतरवायची. "आदरणीय साहेबांच्या सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या आशीर्वादाने इकडे सर्व कुशल आहे. मागच्या सभेत आपण जरा उतरलेले दिसलात. दौरे बेताने करावेत व रात्री हळद घालून दूध घेत जावे." माझी धाकटी बहीण नंदी, माझ्याहून दीड वर्षानं लहान, उंबऱ्याशी अंबाडीची भाजी निवडत असायची. आबांच्या पाठीमागून ती ओठ हलवून, मान डोलावून त्यांची अशी हुबेहूब नक्कल करायची की हसू दाबता दाबता माझी ओळ वाकडी व्हायची, आणि बोलणी मला बसायची. नंदीला कधीच नाही. ती तोवर पुन्हा भाजीत डोकं घालून बसलेली.

साहेबांची आणि आबांची ओळख म्हणाल तर चिखलातली. मी लहान असताना कधीतरी निवडणुकीच्या फेरीत साहेबांची जीप आमच्या शेताजवळच्या काळ्या रानात रुतली होती. आबांनी बैलजोडी लावून ती ओढून काढली. साहेबांनी नाव-गाव विचारलं, पाठीवर हात ठेवला आणि गेले. काही दिवसांनी छापील कागदावर, खाली खऱ्या शाईची सही असलेलं आभाराचं पत्र आलं. आबांनी ते वसमतला नेऊन काचेत बसवून आणलं आणि देवांच्या शेजारी टांगलं. माय म्हणायची, "वढलं बैलायनं, अन् पत्र आलं ह्यायला." पण तीही रोज सकाळी देवांना उदबत्ती ओवाळताना जरासा हात लांब करून त्या काचेलाही ओवाळायची, हे मी पाहिलेलं आहे. साहेब पुढं मोठे होत गेले, मुंबईला जाऊन मंत्री झाले, तसा आबांचा गावातला शब्दही वाढला. कुरुंद्याच्या अलीकडचं आमचं एवढंसं गाव, पण 'साहेबांचा माणूस' म्हटलं की आबाच.

त्यामुळं संध्याकाळी ओसरीवर गर्दी. कुणाला एसटी फाट्यावर थांबायला हवी होती, कुणाच्या रानातली विजेची डीपी जळालेली, कुणाच्या पोराला नोकरी, आणि बऱ्याच जणांना काहीच नको असायचं. त्यांना नुसतं साहेबांना कळवायचं असायचं: म्हैस व्याली, नातू झाला, वडील गेले. हे काही न मागणारे लोक मला तेव्हा खुळे वाटत. आता वाटतं, कुणीतरी मोठं माणूस आपल्याला ओळखतं एवढी एक गोष्ट जवळ असावी म्हणून माणूस काय काय करतो. पत्र पाठवण्याचेही रिवाज होते. मयतीचं असेल तर एक कोपरा फाडायचा, म्हणजे घेणाऱ्याला उघडायच्या आधीच कळतं. लग्नाकार्याचं असेल तर कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं. आबा हे सगळं स्वतःच्या हातानं करायचे. खाली सह्या मात्र बहुतेक मीच ठोकायची, कारण अंगठा उठवलेलं पत्र साहेबांना पाठवायला लोकांना लाज वाटे.

गेल्या साली साहेबांना आलेल्या पत्रांचं पुस्तक काढायचं म्हणून एका तरुणाचा मला फोन आला. साहेबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पोरगा फार अदबीनं बोलत होता. म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावची पत्रं बघून आम्ही चक्रावलो. सगळ्या गावाचं अक्षर एकच कसं?" मी म्हटलं, "बाळा, गाव एकदिलानं राहायचं." तो बिचारा हो म्हणाला.

तर मी सांगत होते ते माझ्या बारावीनंतरच्या उन्हाळ्याचं. परीक्षा झाली आणि माझ्या अंगात कसलं वारं शिरलं कोण जाणे, एका जागी बसवेना. भाकरी थापताना मन दुसरीकडं, पाणी शेंदताना दुसरीकडं. मला हिंगोलीला डी.एड. करायचं होतं. मार्कांची भीती नव्हती, अडत होतं राहण्यावर. हिंगोलीत आमचं कुणी नव्हतं आणि मुलींच्या वसतिगृहात जागा मिळायला ओळख लागायची. आबा म्हणायचे, "पोरीच्या जातीला कुठं ठिवू तिथं? रस्त्यावर?" तेवढ्यात वसमतकडचं एक स्थळ चालून आलं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, घरी पाण्याखालची शेती, माणसं सरळ. नाव ठेवायला जागा नव्हती हीच मोठी अडचण. आबांनी "विचार करून सांगतो" म्हणून त्यांना थांबवलं होतं, आणि ते खरोखरच विचार करत होते. मला शिकवावं असंही त्यांना वाटायचं आणि चालून आलेलं स्थळ दवडू नये असंही. ते कुणाचंच ऐकणारे नव्हते. मायचं नाही, गुरुजींचं नाही, भावकीचं तर नाहीच. जगात एकाच माणसाचा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा होता, आणि त्या माणसाला पत्र कसं लिहायचं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तो हळद पॉलिशचा हंगाम. शिजवून वाळवलेली हळद भोकाभोकांच्या मोठ्या लोखंडी पिंपात भरायची आणि दोघांनी दोन बाजूंनी दांडा धरून ते गरगर फिरवायचं. हळकुंडं एकमेकांवर घासून वरची साल निघते आणि गुळगुळीत पिवळी होतात. सकाळपासून अंगणात त्या पिंपाचा घरघराट. माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. आणि भुकटी कशी उडायची म्हणता! पापण्यांवर हळद, पाण्याच्या घागरीवर हळद, भाकरीच्या तव्यावर हळद. ताकाचा घोटही कडसर लागायचा. दुपारी माणसं भाकरी खाऊन लवंडली तेव्हा मी पिंपाच्या सावलीत बसून गुडघ्यावर आंतरदेशीय पत्र ठेवलं आणि लिहिलं. आबांच्या पत्रांतली सगळी फुलं गाळली. मला शिकायचं आहे, वसतिगृहात जागा हवी आहे, माझे वडील तुमच्या शब्दाबाहेर नाहीत, दोन ओळी त्यांना लिहा, एवढंच. पाठवणाऱ्याच्या जागी आबांचं नाव आणि पत्ता घातला, कारण उत्तर त्यांच्याच हातात पडायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कुरुंद्याला दळण न्यायचं निमित्त करून ते पेटीत टाकलं. टाकलं आणि पिठाची पाटी गिरणीतच विसरून मी निम्म्या वाटेवर आले.

मग वाट बघणं. पोस्टमनच्या सायकलीची घंटी वाजली की मी उठायची, आणि तो नुसता पुढं गेला की पुन्हा बसायची. जेवण नकोसं. माय म्हणाली, "काहून अशी भुतानं झपाटल्यावानी करून राहिलीस?" नंदीनं मात्र ओळखलं. तिच्यापासून माझ्या पोटात कधीच काही राहिलं नाही. तिनं ऐकलं आणि पिंपाचा दांडा सोडून कंबरेवर हात ठेवून साहेबांच्या घोगऱ्या आवाजात भाषण ठोकलं, "बंधू आनि भगिनींनो! सुमन नावाच्या या गरीब पोरीसाठी म्या आजच मुंबईवरून मोटार धाडून राहिलो!" हसून हसून आमचे डोळे भरले, हळद झोंबून आणखीच भरले. नंदी मागच्या साली दहावीला गणितात राहिली होती आणि ऑक्टोबरला पुन्हा बसणार होती. त्या दिवसांत ती पिंपावर हात चालवता चालवता पाढे आणि सूत्रं घोकायची. मी तिला गणित शिकवायचं कबूल केलं होतं.

उत्तर आलं ते नेमकं ओसरी भरलेली असताना. पोस्टमननं हातात दिलं, आबांनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. जाड, गुळगुळीत कार्ड. वर सोनेरी रंगात गणपती. आबा मोठ्यानं वाचायला लागले. "आपल्या घरी होत असलेल्या मंगल विवाहाचे वृत्त समजून अतिशय आनंद झाला. कामाच्या व्यापामुळे समारंभास उपस्थित राहू शकत नाही, क्षमस्व. नवदांपत्यास माझे हार्दिक शुभाशीर्वाद." खाली सही.

आमचे चुलते म्हणाले, "आरं, आपलं अजून ठरलं न्हाई, अन् साहेबायला कळलं बी?" आबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते रडत होते. म्हणाले, "मी इचार करून राहिलो व्हतो. साहेबायनं माझा इचार संपवला." मायनं साखर आणली. त्या रात्रीच ही बातमी कुरुंद्यात होती आणि दुसऱ्या दिवशी वसमतला. ज्यांच्या घरी साहेब स्वतःहून आशीर्वाद धाडतात ते सोयरे कुणाला नको असतील? त्यांचा निरोप आला, पुढच्या आठवड्यात बोलणी करू.

मला काय झालं होतं ते सांगता येत नाही. राग कुणावर धरायचा हेच कळेना. मी अंगणातून परसात आणि परसातून अंगणात अशा येरझारा घालत होते. नंदी माझ्यामागं फिरत म्हणाली, "अक्का, आत्ताच्या आत्ता आबाला सांग. न्हाईतर उद्या साखरपुड्याला बसशील." तिनंच मला दंडाला धरून गोठ्यात नेलं. आबा बैलांना पेंड घालत होते. मी सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते पेंडीचं टोपलं धरून उभे राहिले.

"माझ्या नावानं लिवलंस?"

"व्हय."

"अन् लगनाचं काहीच न्हवतं त्यात?"

"न्हाई आबा. शाळेचं व्हतं."

त्यांनी टोपलं बैलांपुढं ठेवलं आणि म्हणाले, "मंग त्यो आशीर्वाद आपला न्हवं. चुकून आला." आणि मग जे म्हणाले ते आबाच म्हणू जाणे: "वापस करावा लागंल. मोठ्या माणसाचा आशीर्वाद बिनकामाचा घरात ठिवू नये."

साहेब त्या वेळी हिंगोलीला येऊन राहिले होते. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, रुमालात ते कार्ड गुंडाळलं, निवडक हळकुंडांची एक पिशवी घेतली आणि आम्ही दोघं निघालो. कुरुंद्याहून वसमत, वसमतहून हिंगोलीची एसटी. सगळ्या वाटेत आबा एक शब्द बोलले नाहीत. साहेबांच्या बंगल्यावर मांडव घातलेला आणि माणूस माणसाला लागलेला. एका बाजूला टेबल टाकून चष्मा लावलेले एक कारकून टपाल घेऊन बसले होते. आबांनी त्यांना रुमाल सोडून कार्ड दाखवलं आणि हात जोडून घडलेलं सांगितलं. कारकून आधी वैतागले, मग हसले. त्यांच्या पायाशी एका खोक्यात पत्रांचा ढीग होता, एकूण एक पिवळ्या डागांची.

"काका, लग्नसराईत रोज एवढी येतात," ते म्हणाले. "हळद लागलेली दिसली की लग्नाची. फोडून वाचत बसलो तर लग्नं होऊन पोरंबाळं होतील. मागचा पत्ता बघायचा, कार्ड टाकायचं. कोपरा फाडलेलं असलं की दुखवट्याचं कार्ड. बाकीची फोडतो."

आबांनी आपले हात पुढं केले. नखांच्या कडा, तळव्याच्या रेघा, सगळं पिवळं. "दादा, आमच्याकडून येणाऱ्या समद्याच पत्रायला ह्या दिवसांत हळद लागती. आमी हळदच पिकवून राहिलो." कारकुनांचं हसू थांबलं. त्यांनी खोक्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "अरे देवा." खरं सांगायचं तर मला त्या माणसाची कीव आली. त्या खोक्यात किती डीपी, किती एसट्या, किती नोकऱ्या असतील आणि किती घरांत नसलेल्या लग्नांना आशीर्वाद गेले असतील!

तेवढ्यात साहेब बाहेर आले. मी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. थकलेला, भला माणूस. पायात साध्या चपला. कारकुनांनी कानात काहीतरी सांगितलं. आबा पुढं झाले आणि दोन्ही हातांवर कार्ड धरून म्हणाले, "साहेब, इतकी सालं तुमच्यापाशी काही न् काही मागतच आलो. आज मागायला न्हाई आलो. हा तुमचा आशीर्वाद चुकून आमच्या घरी आला. वापस घ्या."

मांडवात हशा पिकला. साहेबही हसले, पण त्यांनी आबांचा हात सोडला नाही. "जीपवाले ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. त्यांना आठवत होतं! साहेब माझ्याकडं वळले, "काय शिकायचंय बेटा?" मी सांगितलं. त्यांनी उभ्या उभ्या कारकुनांच्या टेबलावर एक चिठ्ठी लिहिली, सही केली आणि माझ्या हातात दिली. "वसतिगृहात दाखव. जागा मिळेल. चांगली मास्तरीण हो." मला तिथंच रडू फुटलं. चिठ्ठी भिजू नये म्हणून मी ती उंच धरून रडत होते. त्यामुळं पुढचं मी ऐकलं आणि ऐकलं नाही. साहेब कार्ड आबांच्या खिशात सरकवत म्हणाले, "आणि हे ठेवा. दिलेला आशीर्वाद मी माघारी घेत नसतो. घरात दुसरी लेक असेल की, तिला लागू करा." पुन्हा हशा. सगळे हसले. आबा हसले नाहीत.

"हाय साहेब," ते म्हणाले. "धाकटी हाय."

येताना आबांची जीभ सुटली होती. हिंगोलीच्या स्टँडवर त्यांनी मला भजी आणि जिलेबी खाऊ घातली. साहेबांनी कसं ओळखलं, हात कसा धरला, किती वेळ धरला, हेच पुन्हा पुन्हा. मी चिठ्ठी पोलक्यात ठेवली होती आणि दर थोड्या वेळानं ती आहे ना हे चाचपत होते. खिडकीतून वारा येत होता, पळसाची झाडं मागं जात होती, आणि आयुष्यात इतकी खूश मी कधीच झाले नव्हते. घरी पोचलो. नंदी धावत आली, चिठ्ठी वाचली, मला उचलून गरकन फिरवलं. मग आबा मायला म्हणाले, "वसमतवाल्यायला निरोप धाडू. सुमी शिकंल. नंदीचं करू." अगदी साध्या आवाजात. बाजाराहून आणलेली भाजी कुठं ठेवायची ते सांगावं तसं.

नंदीला आधी गंमतच वाटली. ती हसत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हसू तिच्या तोंडावरच राहून गेलं. मी आबांशी भांडले. जन्मात पहिल्यांदा, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. म्हटलं, साहेब गमतीनं बोलले. सगळे हसत होते, तुम्ही पाहिलं नाही का?

"साहेब माझ्याशी गमतीनं बोलत न्हाईत," आबा म्हणाले. "तुला शिकीव म्हणले, ते खरं. अन् दुसरं खोटं? एकाच तोंडातून आलेलं अर्धं कसं घेऊ, सांग."

त्यातल्या एका अर्ध्याची चिठ्ठी माझ्या पोलक्यात होती. कार्डावर नाव कुणाचंच नव्हतं, ना नवरीचं ना नवऱ्याचं; ते कुणालाही लागू होत होतं. वसमतच्या माणसांनाही थोरली काय, धाकटी काय. त्यांना साहेबांचं घर हवं होतं. ते आले, नंदीला पाहिलं, पसंत केलं. मी म्हटलं, नंदे, मी साहेबांना पुन्हा लिहिते. स्वच्छ हातांनी, पाकिटात घालून लिहिते. ती म्हणाली, "नको बाई. तुझ्या एका पत्रानं एक लगीन आलं. दुसऱ्यानं अजून काय यील, काय सांगावं?" आबांना तिनं एकदाच विचारलं होतं, ऑक्टोबरच्या परीक्षेचं काय. आबा म्हणाले, ती माणसं बसू देतील. त्यांना ते खरंच वाटत होतं.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी नंदीला फोन केला. ती वसमतला असते. नवरा पुढं चांगला निघाला, दोन नातवंडांच्या मागं तिचा दिवस जातो. परीक्षेला ती बसली नाही ती नाहीच. मी विचारलं, लिहू का? म्हणाली, "लिव. पन आबाला राक्षस करू नको. त्यायनं दोन्ही पोरींचं भलंच केलं, असं समजूनच गेले ते." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अन् मला बिचारी बी करू नको." मी दोन्हीपैकी काही केलेलं नाही असं मला वाटतं. पण तो दिवस आठवला की आजही मला खुर्चीत बसवत नाही, मी उठून घरातल्या घरात फेऱ्या मारते. माझी सून म्हणते, आई, गुडघे दुखतील.

लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार. अंगणात मांडव, बायका जात्यावर गाणी म्हणत होत्या, चुलाणावर वरण रटरटत होतं. नंदी आतल्या खोलीत आली आणि कडी लावून माझ्यासमोर मांडी घालून बसली. "अक्का, कागद घे," ती म्हणाली. मला वाटलं, आबांची नक्कल करतेय. मी हसले. ती हसली नाही.

"साहेबायला लिवायचंय. मी सांगते तसं लिव. पुस्तकी करू नको."

मी लिहायला लागले. ती भिंतीकडं बघत, एक एक वाक्य तोलून सांगत होती, आणि मी इतक्या साऱ्या माणसांची पत्रं लिहिली पण इतकं हळू कुणी सांगितलं नव्हतं. "साहेब, तुमचा आशीर्वाद पोचला. अक्कानं मागितलं ते तिला भेटलं. तिला नको व्हतं ते मला भेटलं. मी तुमच्यापाशी काहीच मागितलं न्हवतं. साऱ्या गावानं तुम्हाला पत्रं लिवली, मी कधी लिवलं न्हाई. म्हणून तुम्हाला मी ठाऊक न्हाई, त्यात तुमची चूक न्हाई. तब्येत सांभाळा."

माझे डोळे भरून आले होते, अक्षर दिसेना. तिनं बाहीनं माझे डोळे पुसले, आबा रागावतील म्हणून लहानपणी पुसायची तसे नव्हे. मला पुढचं लिहिता यावं म्हणून. खाली नेहमीच्या सवयीनं माझा हात चालला: 'कळावे, लोभ असावा.'

"काय लिवलंस?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"ते खोड. त्यायचा लोभ आता पुरे झाला." मी खोडलं. बाहेरून बायका नंदीला हाका मारायला लागल्या होत्या, दारावर थापा पडत होत्या. ती उठली, लुगडं सारखं केलं आणि कडीला हात घालून म्हणाली, "खाली माझं नाव लिव. मोठ्या अक्षरात. त्या कार्डावर कुनाचंच न्हवतं."